गिरणीवाल्यांच्या मुलाचा मणका

आमच्या कुमगोकमध्ये सरळ उत्तर द्यायची पद्धत नाही. मत कुणाला देणार म्हणून विचारलं, तर माणूस समोरच्या डोंगराकडे बघतो आणि म्हणतो, बघू की, अजून वेळ आहे. मत देऊन बाहेर पडल्यावरही तो हेच म्हणतो. सोलहून आलेले पत्रकार कंटाळून निघून जातात. पण दोन हजार सालच्या निवडणुकीत एका गोष्टीवर सगळं गाव एकदम मोकळेपणानं बोलायला लागलं. ती गोष्ट म्हणजे गिरणीवाल्या पांग साहेबांच्या मुलाचा मणका.

आणि त्या मणक्यापायी जिची झोप उडाली, ती होती मानगीची आई.

तिचं नाव ओ बुन्रे. बस स्टँडच्या मागच्या गल्लीत तिची खाणावळ, आणि खाणावळीला लागून माझं घर. मधे एकच भिंत, आणि त्या भिंतीतून वर जाणारं तिच्या चुलीचं धुराडं. पहाटे माझी भिंत कोमट झाली की समजायचं, बुन्रेताई उठली. तिच्याकडे पदार्थ एकच, मोड आलेल्या सोयाबीनचं सूप आणि त्यात भात. मोड ती घरीच काढायची. तळाला भोकं पाडलेलं मातीचं मोठं मडकं, त्यावर काळं फडकं. पाणी घालायचं आणि लगेच झाकायचं. फडकं उगाच उचललं, उजेड लागला, की मोडांची डोकी हिरवी होतात आणि सूप कडवट लागतं. हे तिनंच मला शिकवलं होतं.

त्या एप्रिलमध्ये तिच्या सूपला कडवटपणा यायला लागला. ट्रकचे ड्रायव्हर एक चमचा घेऊन एकमेकांकडे बघायचे. ती येता-जाता फडकं उचलून बघत होती, दिवसातून किती वेळा कोण जाणे. मी म्हटलं, ताई, मोडांना झोपू द्या की जरा. तर म्हणाली, "वहिनी, मला तरी कोण झोपू देतंय?"

बाहेर प्रचाराच्या गाड्या फिरत होत्या. एक गाडी गल्लीच्या या तोंडानं गाणं वाजवत आत यायची, दुसरी त्या तोंडानं. एका रंगाची जाकिटं घातलेल्या बाया चौकात हात हलवत नाचायच्या, पांढरे हातमोजे घातलेले उमेदवार कंबरेत वाकून वाकून नमस्कार करायचे. उमेदवारानं आपली आणि आपल्या मुलांची लष्करी सेवा जाहीर करायची, असा नियम त्या वर्षी लागू झाला होता. आमच्याकडून उभे असलेले पांग साहेब स्वतः तीन वर्षं सीमेवर राहून आलेले. त्यांच्या नावापुढे ते होतं. मुलाच्या नावापुढे होतं, प्रकृतीच्या कारणानं सूट.

आमच्या देशात ज्याला धडधाकट मुलगा आहे त्याला तो एक दिवस सैन्यात पाठवावाच लागतो. त्यातून सुटतो तो फार आजारी असतो, नाहीतर फार श्रीमंत. आजारी कोण आणि श्रीमंत कोण, हे ओळखायला लोकांना नियम लागत नाही.

बुन्रेताईचा मानगी त्याच मार्चमध्ये गेला होता. डोकं भादरून, आईपुढे जमिनीला कपाळ टेकवून, नोनसानच्या प्रशिक्षण केंद्राच्या फाटकातून आत. फाटकापर्यंत ती गेली होती. परत आली तेव्हा तिच्या हातात त्याला खाऊ घालायला नेलेला डबा तसाच होता. पोराला घास उतरला नव्हता, आणि तिलाही.

*

बुन्रेताई डोंगरापलीकडच्या एका वाडीतली. लग्न होऊन दगडखाणीवर गेली. नवरा खाणीतच गेला, तेव्हा मानगी पाठीला बांधण्याएवढा होता. तशीच ती पाठीवर पोर घेऊन पांगांच्या दारात उभी राहिली. त्यांच्या भाताच्या गिरणीवर माणसांचा मोठा राबता, स्वयंपाकाला बाई हवीच होती. घरात इन्हो नावाचा मुलगा होता, शाळेत नुकता जायला लागलेला. आई गिरणीचे हिशेब आणि पै-पाहुणे यांत बुडालेली. त्यामुळे इन्होचा डबा, इन्होची अंघोळ, इन्होचा ताप, हे सगळं बुन्रेताईकडे आलं. मानगी रांगायचा तो इन्होच्या पायांतून.

पुढचं मला तेव्हा माहीत नव्हतं. ते इन्होनंच नंतर सांगितलं. मी हे लिहिते आहे तेही त्याला विचारून.

इन्हो अकरा वर्षांचा असताना एकदा दुपारी अंगणात, सोयाबीनच्या पेस्टच्या रांजणांपाशी, धाडकन पडला. डोळे वर, हातपाय ताठ, तोंडाला फेस. बुन्रेताईला त्यातलं काय कळत होतं? जीभ चावेल म्हणून तिनं आपली बोटं त्याच्या दातांत घातली. पुढं डॉक्टर तिच्यावर चिडले होते, फिट आलेल्याच्या तोंडात काही म्हणजे काही घालायचं नसतं म्हणून. पण तोवर तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं मांस निघून आलं होतं. त्या बोटावर चंद्रकोरीसारखा वण राहिला. कुणी विचारलं की ती सांगायची, विळा लागला.

मूल शुद्धीवर आलं तेव्हा आधी इकडे-तिकडे बघून त्यानं विचारलं, कुणी पाहिलं का? मग करंगळी पुढे केली. आमच्याकडे मुलं वचन घेतात ते असंच, करंगळीत करंगळी अडकवून. तिनं रक्तानं भरलेला हात फडक्यात गुंडाळला आणि दुसऱ्या हाताची करंगळी दिली.

घरानंही हे झाकलंच. ज्या घरात फिट येणारं माणूस आहे, त्या घरात मुलगी कोण देणार, आणि त्या घरातली मुलगी कोण नेणार? इन्होच्या मागे एक बहीण होती. औषध सोलहून यायचं आणि तांदळाच्या डब्यात राहायचं. औषधानं फिट आटोक्यात आल्या, पण बंद झाल्या नाहीत. एकोणिसाव्या वर्षी सैन्याच्या डॉक्टरांनी तपासून सूट दिली. ती सूट शंभर टक्के खरी होती. पण गावाला काही तरी कारण सांगायला हवं होतं. पांग बाईंनी सांगितलं, मणक्यातली गादी सरकली आहे.

इथे त्या चुकल्या. दुसरं काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण त्या दिवसांत ज्याच्या त्याच्या तोंडी होतं की मणक्याची गादी फक्त पैसेवाल्यांच्याच पोरांची सरकते, आणि तीही बरोबर सैन्याच्या तपासणीच्या आधी. सभ्य आजार म्हणून त्यांनी जो निवडला, तोच गावाच्या लेखी लबाडीचा आजार होता. आणि त्यात इन्हो उंच, रुंद खांद्याचा, रविवारी मित्रांबरोबर डोंगर चढणारा.

पाच-सहा वर्षं कुणी तोंडावर काही बोललं नाही. मग निवडणूक आली, आणि समोरच्या पक्षानं एक पत्रक वाटलं. त्यावर इन्होचा फोटो. पाठीवर ही मोठी पिशवी, शिखरावर उभा, हात वर. खाली एकच ओळ: मणका कसा आहे?

*

बाजाराच्या दिवशी मासेवाली कांगनुंगवाली बर्फाची लादी उचलताना कंबरेला हात लावायची आणि मोठ्यानं म्हणायची, "अगं आई गं, मणका. मलाही सूट द्या कुणीतरी." की आजूबाजूच्या सगळ्या बाया हसत. ही पूर्व किनाऱ्यावरच्या कांगनुंगची, म्हणून तिला सगळे तसंच म्हणतात. तिच्या थोरल्या मुलाला सैन्यात तोफेच्या सरावात कायमचा एक कान गेला होता. तो तिच्याच शेजारी मासे साफ करत बसायचा, आणि कुठल्या बाजूनं हाक मारली म्हणजे त्याला ऐकू जातं हे सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक होतं. त्यामुळे तिनं काहीही म्हटलं तरी तिला गप्प कर असं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

एकदा ती खाणावळीत आली. मीही तिथेच कांदे निवडत बसले होते. सूप समोर आल्यावर तिनं चमचा हातात धरून बुन्रेताईकडे बघितलं. म्हणाली, "मानगीची आई, तुझा पोर आत्ता कुठं असेल गं? चिखलात सरपटत असेल. आणि ज्याला तू वाढवलंस तो डोंगरावर फोटो काढतोय. तू त्यांच्या घरचं मीठ खाल्लंयस, तुला बोलता येत नाही, ते समजतंय मला. पण निदान त्यांच्या प्रचाराला भात तरी शिजवू नकोस."

तोवर दुपारचं प्रचारवाल्यांचं जेवण बुन्रेताईकडूनच जात होतं. बुन्रेताईनं हात पुसले, फडकं उचलून मोड बघितले, पुन्हा झाकले, पुन्हा हात पुसले. मग कांगनुंगवालीच्या वाडग्यात न मागता आणखी एक अंडं फोडून घातलं. कांगनुंगवालीनं ते खाल्लं, आणि जाताना दारात म्हणाली, सूप कडू झालंय तुझं.

त्याच आठवड्यात भर दुपारी, खाणावळ भरलेली असताना, पोस्टमननं पेटी आणून ठेवली.

ज्या घरातून मुलगा सैन्यात जातो त्या घरी ही पेटी येतेच. तो ज्या कपड्यांत गेला ते कपडे आणि बूट सरकार पुठ्ठ्याच्या पेटीत भरून घरी परत पाठवतं. मुलगा जाताना न रडलेल्या आया पेटी आल्यावर रडतात. माझ्या सासूबाई सांगायच्या की त्यांनी माझ्या नवऱ्याचा सदरा कितीतरी दिवस धुतलाच नव्हता. म्हणून खाणावळीतले ड्रायव्हर, हमाल, सगळे खाता खाता थांबले. एकानं तर खुर्ची मागं घेऊन तिला वाट करून दिली. बुन्रेताईनं पेटी दोन्ही हातांनी उचलली, कानाशी धरल्यासारखी केली, आणि वरच्या फळीवर लोणच्याच्या बरण्यांमागं ठेवून दिली. मग विचारलं, "अजून भात कुणाला हवाय?"

संध्याकाळी मी म्हटलं, ताई, उघडू या का? मी थांबते. ती म्हणाली, आत्ता नको. हात स्वच्छ नाहीत. तिचे हात दिवसभर पाण्यातच होते.

*

निवडणुकीच्या आधीच्या बाजाराला अजून काही दिवस होते, तेव्हा सकाळी सकाळी पांग साहेब एकटेच आले. हातमोजे नाहीत, छातीवरचा उमेदवारीचा पट्टा नाही. बूट काढून ते आतल्या गरम जमिनीच्या खोलीत बसले. माणूस चांगला होता, हे मी मत कुणाला दिलं ते न सांगता सांगते. दुष्काळाच्या वर्षी गिरणीनं अर्ध्या गावाचं भात उधारीवर भरडून दिलं होतं. खाणावळीची जागाही गिरणीचीच, मानगी मोठा झाल्यावर त्यांनीच तिला दिलेली. त्यांनी सूप सगळं संपवलं, कडू असूनही. मग म्हणाले ते बुन्रेताईनं मला त्याच दिवशी सांगितलं, फक्त आजाराचं नाव गाळून.

ते म्हणाले, मी हरतोय. हरायला माझी ना नाही, पण चोर म्हणून हरायचं नाही मला. मी सांगितलं तर बाप बोलतोय म्हणतील. बायकोनं सांगितलं तर खोटं लपवायला दुसरं खोटं म्हणतील. तुम्ही सांगा. ज्या बाईचा मुलगा आत्ता बराकीत आहे, तिच्यावर हे गाव विश्वास ठेवील. शेवटच्या बाजाराला गाडीवर या आणि तुमच्या डोळ्यांनी जे बघितलंत तेवढं सांगा. आणि त्यांनी तिच्या बोटाकडे बघितलं.

"इन्होला विचारलंत, मालक?"

ते वाडग्याकडे बघत राहिले. इन्होचं लग्न ठरत आलं होतं. तेजॉनमध्ये, तो ज्या नकाशांच्या ऑफिसात काम करतो तिथलीच मुलगी. तिला काही माहीत नव्हतं.

"विचारलं नाही," ते म्हणाले. "विचारलं तर तो हो म्हणेल. म्हणून विचारलं नाही."

ते गेल्यावर बुन्रेताईनं धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली. माझ्या भिंतीपलीकडे ती भांडी अशी वाजत होती की मी शेवटी गेले. ती उभ्यानंच बोलली. सांगितलं तर साहेबांचं नाव राहील, तिचंही बाजारात तोंड वर होईल. पण एका पोराचं झाकलेलं ती चौकात उघडं करील. नाही सांगितलं तर ज्यांनी तिला पोरासकट दारात घेतलं त्यांना ती वाऱ्यावर सोडील. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही कॉलेजात शिकलात. काय करतात अशा वेळी?" कॉलेजात हे कुणी शिकवलं नव्हतं, असं मी म्हटलं. त्यावर ती हसली, त्या महिन्यात पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी तिनं खाणावळ बंद ठेवली आणि तेजॉनची बस धरली. दारावर नुसता झाडू आडवा लावून गेली.

इन्हो तिला ऑफिसखालच्या नूडल्सच्या दुकानात घेऊन गेला. तिनं सगळं सांगितलं. तो ऐकत होता आणि नूडल्स खायच्या काड्या ज्यात येतात त्या कागदाची घडी घालत होता. एक घडी, मग तिची अर्धी, मग तिची अर्धी. शेवटी घडी पडेना तेव्हा म्हणाला, "सांग तू, मावशी. बाबांचं एवढं होतंय माझ्यामुळे."

"आणि ती मुलगी?"

"तिला मीच सांगणार होतो. दर रविवारी सांगणार होतो."

लहानपणी कडू औषध घेताना तो एकदम मोठा घोट घ्यायचा, डोळे उघडे ठेवून, म्हणजे समोरच्याला वाटावं की काही नाही. बुन्रेताई म्हणाली, वहिनी, सांग म्हणताना त्याचा चेहरा अगदी तसा होता. नूडल्स दोघांच्याही तशाच राहिल्या. बस येईपर्यंत तो थांबला. ती चढायला लागली तेव्हा त्यानं तिचा हात धरून त्या बोटावरून अंगठा फिरवला, आणि गेला. परतीच्या बसमध्ये जागा असूनही ती दांडा धरून उभी राहिली. कंडक्टरनं दोनदा बसायला सांगितलं म्हणे.

*

शेवटच्या बाजाराला ऊन चांगलं होतं. रस्त्याकडेच्या पिवळ्या झुडपांना बहर आलेला. पांगांची गाडी पुलाजवळ, मासळीच्या रांगेसमोरच लावलेली. मी कांद्याच्या पातीची जुडी हातात धरून उभी होते, घेतली नव्हती, नुसती धरली होती. साहेब बोलले. लोक ऐकत होते ते जेवण होईपर्यंत पाहुण्याचं ऐकावं तसं. मग त्यांच्या माणसानं सांगितलं की आता मानगीची आई बोलणार आहे, जिचा एकुलता एक मुलगा गेल्याच महिन्यात देशसेवेला गेला. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या साहेबांना नव्हत्या.

ती चढली. अंगावर खाणावळीचंच एप्रन. उजवा हात एप्रनच्या खिशात. डाव्या हातानं माईक धरला तो इतका जवळ की पहिल्यांदा फक्त तिचा श्वास ऐकू आला सगळ्या बाजाराला.

"इन्होला मी तो सात वर्षांचा असल्यापासून खायला घातलंय," ती म्हणाली. "तो आजारी आहे. लहानपणापासून. सैन्याच्या डॉक्टरांनी सोडलं ते खरं बघून सोडलं. माझा मानगी गेलाय, तो गेलाच पाहिजे होता, तो बरा आहे. इन्हो बरा असता तर मीच त्याचं डोकं भादरून नोनसानला नेऊन घातलं असतं."

खालून कुणीतरी ओरडलं, मणका दाखव.

ती थांबली. साहेब तिच्याकडे बघत होते. त्यांनी हळूच मान हलवली, सांगा म्हणून. तिचा उजवा हात खिशातून अर्धा बाहेर आला. मी तो बघितला. मग तो पुन्हा आत गेला.

"मणका नाही," ती म्हणाली. "मणक्याला काही झालेलं नाही. ते घरचे खोटं बोलले. ते त्यांचं चुकलं, आणि मला माहीत असून मीही गप्प बसले."

साहेबांच्या माणसानं माईककडे हात केला, पण साहेबांनी त्याला अडवलं.

"मग काय झालंय त्याला?" हे कांगनुंगवालीनं विचारलं. ओरडून नाही, साधं, समोरासमोर विचारावं तसं. तिच्या हातात सुरी होती, आणि शेजारी तिचा मुलगा चांगला कान गाडीकडे करून उभा होता.

"ते त्याचं आहे," बुन्रेताई म्हणाली. "त्याला सांगायचं असेल तेव्हा तो सांगेल. तुझ्या पोराच्या कानात रात्री कसला आवाज येतो, ते तू मला सांगितलंयस. मी कुणाला सांगितलं का?"

कांगनुंगवालीनं खाली बघितलं आणि पुढचा मासा उचलला. बुन्रेताई गाडीवरून उतरली. उतरताना तिनं दांडा धरला तो उजव्या हातानंच, पण तोवर तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. सगळे एकमेकांशी बोलत होते, की बघा, घरचीच बाई म्हणाली, मणका खोटा.

*

पांग साहेब हरले. तिच्यामुळे हरले असं त्यांचे लोक म्हणाले. ते आधीच हरले होते असं माझा नवरा म्हणाला. मला विचाराल तर, बघू की.

आता खाणावळीची जागा जाणार, असं गल्लीत सगळ्यांनी ठरवूनच टाकलं. बुन्रेताईनंही बरण्या पुसून ठेवल्या, न जाणो. पण निवडणुकीनंतर तांदूळ यायच्या दिवशी गिरणीचा टेम्पो नेहमीसारखा आला, तांदूळ नेहमीसारखाच उतरवला. पांग बाई काही तिच्याशी बोलल्या नाहीत, पुढं बरेच दिवस नाहीत. साहेब महिन्यानं आले, सूप प्यायले, हवेबद्दल बोलले आणि गेले.

त्याच्या आधी इन्हो आला. दुपारची गर्दी ओसरलेली. मी भाजी घेऊन मागच्या दारानं आत येत होते, तो पुढच्या दारात बूट काढत होता. गल्लीत सगळ्यांनी त्याला येताना पाहिलं होतं, आणि सगळ्यांना एकाएकी आपापल्या दारापुढची जागा झाडायची होती.

बुन्रेताईनं त्याच्यापुढे वाडगं ठेवलं. त्यानं खाल्लं. मग सांगितलं की त्या मुलीला त्यानं सांगितलं. ती म्हणाली, मला थोडे दिवस दे. ते थोडे दिवस चालू होते.

"चिडली का?"

"आधी का नाही सांगितलंस, म्हणून चिडली. आजारासाठी नाही." त्यानं वाडगं बाजूला सरकवलं. "बाबांनी मला सांगितलं, तू गाडीवर काय म्हणालीस ते. मी तुला सांग म्हटलं होतं, मावशी."

"हो. ऐकलं होतं मी."

त्यानं वर बघितलं. बरण्यांमागची पुठ्ठ्याची पेटी त्याच्या उंचीच्या माणसाला सरळ दिसत होती. त्यावर नोनसानचा शिक्का. त्यानं विचारलं, अजून उघडली नाहीस? ती म्हणाली, कामं होती. तो उठला, पेटी खाली काढली, तिच्यापुढे ठेवली आणि स्वतः बाजूला बसला. मी निघाले तर तिनं माझ्या भाजीच्या पिशवीचा बंद धरून ठेवला.

तिनं पेटी उघडली. आत मानगीचं निळं जाकीट, पँट, गुंडाळलेले मोजे. ती पँटच्या घड्या मोडत होती आणि पुन्हा घालत होती. तळाला बूट होते, फाटकापाशी त्या दिवशी पाऊस झाला होता म्हणून तळव्याला चिखल वाळून घट्ट बसलेला. बूट हातात आले तेव्हा तिला रडू आलं. आवाज न करता, चेहरा वाडग्यासारखा स्थिर ठेवून.

इन्होनं ते तिच्या हातातून काढून घेतले. "आमच्या घरी अशी पेटी आली नाही कधी," तो म्हणाला. "दे, मी धुतो."

नळावर तो उकिडवा बसला आणि ब्रशनं घासायला लागला. लेस काढून वेगळ्या ठेवल्या. चिखलाचं पाणी लाल होऊन मोरीत जात होतं. बुन्रेताई पायरीवर बसली. बसली, म्हणजे खरंच बसली, भिंतीला पाठ टेकून, हात मांडीवर ठेवून. आत मोडांच्या मडक्यावरचं काळं फडकं सकाळी घातलं होतं तसंच होतं.

तेवढ्यात मासळीची रिकामी टोपली घेऊन कांगनुंगवाली गल्लीतून आली. तिनं नळावरचा माणूस ओळखला आणि थांबली. वाटलं, आता कंबरेला हात लावते. तिनं बुटांकडे बघितलं, बुन्रेताईकडे बघितलं, पेटीकडे बघितलं. मग इन्होला म्हणाली, "उन्हात नको ठेवूस, चामडं तडकतं. आणि आत वर्तमानपत्र कोंब, नाहीतर आकार जातो."

इन्होनं मान हलवली. वर्तमानपत्र माझ्याच पिशवीत होतं, भाजीभोवती गुंडाळलेलं. मी ते सोडवून त्याला दिलं.